सोडून दिलेला ससा सापडलाय, कालपासून काहीच खात नाही, काय करू?

मीनल_सांगली (शनिवार, सकाळी 7.40)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही विश्रामबागला राहतो. परवा संध्याकाळी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी मिक्सरचं रिकामं खोकं पडलं होतं, मुलीला (दुसरीत आहे) आतून खरखर ऐकू आली म्हणून उघडून बघितलं तर आत पांढरा ससा, लाल डोळ्यांचा, सोबत अर्धं गाजर आणि पावाचा एक तुकडा. वॉचमनदादा म्हणाले दुपारीच कोणीतरी गाडीवरून येऊन ठेवून गेलं, त्यांना वाटलं कचराच आहे. मे महिन्यातलं सांगलीचं ऊन, त्यात चिकटपट्टी लावून बंद केलेलं खोकं, एक भोकसुद्धा पाडलेलं नाही. मला अजून झोप लागत नाहीये त्या विचाराने.

वर आणला, बाल्कनीत ठेवला. घरात होतं ते दिलं म्हणजे दूध, पोळी, गाजर, कोबी. पहिल्या दिवशी गाजर आणि पोळी खाल्ली, दूध थोडं प्यायला. काल दुपारपासून मात्र कशालाच तोंड लावलेलं नाही. कोपऱ्यात कुबड काढून बसलाय, डोळे अर्धे मिटलेले, आणि मधूनमधून दात करकर वाजवतो. शी काल लिबलिबीत झाली होती, आज सकाळी काहीच नाही. कानांच्या कडांना आणि नाकावर राखाडी खपल्या आहेत, पायाने सारखा कान खाजवतो. सासूबाई म्हणतात हा रोग आहे, पोरीला लागेल. हे म्हणतात दंडोबाच्या डोंगरावर सोडून येऊ, तिथे ससे असतात, त्यांच्यात राहील. मी म्हटलं आधी स्वच्छ आंघोळ घालते मग बघू. ससा आमच्याकडे कधीच कोणी पाळलेला नाही, काय करू ते पटकन सांगा प्लीज.

अनघा_कर्वेनगर (शनिवार, सकाळी 8.05)

मीनल, सोडायचं, ठेवायचं ते सगळं नंतर. ससा दहा-बारा तास खायचा थांबला आणि लेंड्या बंद झाल्या की ती इमर्जन्सी असते. कुत्र्यामांजरांचं कसं, आज नाही जेवलं तर उद्या जेवेल, तसं सशाचं नसतं. त्याचं आतडं दिवसरात्र चालू लागतं, ते थांबलं की आत गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी बसतं. उलटी त्याला करताच येत नाही. कुबड काढून बसणं आणि मोठ्याने दात वाजवणं म्हणजे दुखतंय, दुसरं काही नाही.

आत्ता लगेच दूध, पोळी, कोबी सगळं उचल. कानांना हात लावून बघ, गारठलेले लागले तर टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घे, तापलेले लागले तर आत फॅनखाली आण आणि ओल्या बोटांनी कान पुसत राहा, ससा अंगातली उष्णता कानातूनच बाहेर टाकतो. मग पोट हळूच चाचप. मळलेल्या कणकेसारखं मऊ असेल तर कोथिंबीर धुवून, पाणी न झटकता नाकासमोर धर, घेतो का बघ. ढोलकीसारखं ताणलेलं असेल तर तोंडात काहीही घालू नकोस, थेट डॉक्टर. म्हणजे डॉक्टरकडे दोन्हीत जायचंच आहे, शनिवार आहे, दुपारी दवाखाने बंद व्हायच्या आत नीघ.

आंघोळ अजिबात नको, कधीच नको. भिजला की गारठतो आणि घाबरून दगावतोसुद्धा, ससा स्वतःचं अंग स्वतः चाटून साफ ठेवतो. आणि उचलताना कान धरून उचलू नकोस, एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली आणि अंगाशी घट्ट. मागचे पाय लोंबकळत राहिले आणि त्याने जोरात लाथ झाडली तर पाठीचा कणा मोडतो, मी हे एका शेजाऱ्यांकडे झालेलं बघितलंय.

डॉ_गोठा (शनिवार, सकाळी 8.30)

मी पशुवैद्य आहे, शिरवळला शिकलो, प्रॅक्टिस बहुतेक गाईम्हशींची पण ससे येतात अधूनमधून. ताईंनी वर लिहिलंय ते बरोबर आहे, आधी पोट. खपल्यांबद्दल सांगायचं तर वर्णनावरून खरूज वाटते, अगदी बारीक किडे असतात कातडीत आणि कानात. आपल्याकडच्या सशांमध्ये हे फार आढळतं. हाताने खपली ओढू नका, खाली कच्ची कातडी असते, रक्त येतं आणि प्रचंड दुखतं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली देतात, डोस वजन करूनच ठरतो, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा द्यावं लागतं. खपल्या आपोआप गळून पडतात.

दोन गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून विचारा, त्यात त्यांना वाईट वाटण्यासारखं काही नाही. कुत्र्याच्या गोचिडांवर मारतात तो फिप्रोनिलचा स्प्रे सशाला चालत नाही. आणि अमॉक्सिसिलिन पेनिसिलिन जातीची अँटिबायोटिक्स सशाला तोंडातून देत नाहीत, आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा जुलाबाने जातो. रोज गाईम्हशी बघणाऱ्या माणसाच्या गडबडीत हे लक्षात राहीलच असं नाही.

मुलीबद्दल, काही खरजेचे किडे माणसाच्या कातडीवर येऊन खाज आणतात पण आपल्या अंगावर ते टिकत नाहीत. तरी दोन-तीन आठवडे तिला मांडीवर घेऊ देऊ नका, तुम्ही हाताळताना लांब बाह्यांचे कपडे घाला, नंतर साबणाने हात धुवा. कोणाला पुरळ उठलं तर स्किनच्या डॉक्टरांना ससा आहे हे सांगा.

मीनल_सांगली (रविवार, सकाळी 6.55)

रात्रभर जागी आहे. काल साडेदहाला गेलो. डॉक्टर चांगले होते, म्हणाले मी ससे फार बघत नाही, पण मी तुमचं सगळं मोबाईलवर वाचून दाखवलं तर शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावून खात्री करून घेतली. वजन 1 किलो 300 ग्रॅम, त्या अंगाला हे कमीच म्हणाले. आणि ही मादी आहे! दुखण्याचं इंजेक्शन, खरजेचं इंजेक्शन, कातडीखाली सलाईन. पोट ताणलेलं नव्हतं म्हणून सशाचं दाणेदार खाद्य कोमट पाण्यात भिजवून त्याची पातळ पेज सिरिंजने द्यायला सांगितली, गालाच्या बाजूने, एकेक घोट, ती चावून गिळेल तशी.

दर दोन तासांनी दिली. आधी सगळी हनुवटीवरून खाली, माझा गाऊन, टॉवेल, सगळं हिरवं. बारा वाजता पहिल्यांदा नीट चावलं. सव्वादोनला मी टॉवेल बदलायला उचलला तर खाली एक लेंडी होती. मिऱ्याएवढी, काळी, वेडीवाकडी. एकच. मी ह्यांना उठवून दाखवली आणि मला रडूच आलं. मग पाच वाजता आणखी चार, आणि आत्ता कोथिंबिरीची काडी स्वतः ओढून खाल्ली. दांडी आधी आत जाते आणि पान शेवटी, असं खातात होय?

सासूबाई पहाटे उठून आल्या, म्हणाल्या नाव तरी ठेवा तिचं. ज्वारीच्या लाहीसारखी दिसते म्हणून लाही ठेवलंय.

सुहास_मिरज (रविवार, सकाळी 9.20)

छान झालं वहिनी. पण बरी झाली की दंडोबाला सोडायला काय हरकत आहे, मोकळ्यात राहील, पिंजऱ्यात कोंडण्यापेक्षा बरं. किंवा मग एक नर आणून द्या, एकटी कंटाळेल.

जतचा_शेतकरी (रविवार, दुपारी 1.15)

सुहासभाऊ, राग मानू नका पण दोन्ही चुकीचं आहे. डोंगरावर असतो तो रानससा, मातकट रंगाचा, लांब टांगांचा. जात वेगळी, तो बीळसुद्धा करत नाही, पिल्लं जन्मतात तीच डोळे उघडी आणि अंगावर केस घेऊन. हा पांढरा मूळ युरोपातल्या सशापासून माणसाने पिंजऱ्यात वाढवून तयार केलेला. दोघांची भेट झाली तरी त्यांचं कुटुंब होत नाही. पांढरा अंगरखा घालून वाळक्या कुसळात बसलेलं जनावर घारीला कुठूनही दिसतं, नाही घारीने नेलं तर कुत्री आहेतच, मुंगूस आहे, आणि काही नसलं तर ऊन आहे. मी 3 वर्षं ससेपालनाचं युनिट चालवलं, न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला जातीचे होते, त्यातला एक सुटून बांधावर गेला तो सकाळी नुसता केसांचा पुंजका सापडला. युनिट बंद केलं तेव्हा शेवटचे चार मी विकले नाहीत, घरीच सांभाळले, दोन अजून आहेत.

नर आणण्याबद्दल सांगतो. गाभण काळ 31 दिवसांच्या आसपास. व्याली त्याच दिवशी नर जवळ असला तर परत गाभण राहते. एका जोडीची वर्षभरात किती होतील याचा हिशोब तुम्हीच करा, आणि मग तुमच्या सोसायटीतून अशीच मिक्सरची खोकी बाहेर पडायला लागतील.

ताई, चाऱ्याचं बोलतो, ते माझ्या हातातलं आहे. हराळी द्या, मारवेल द्या, गवत हेच तिचं जेवण. पण कुठून आणता ते बघा. तासगावकडच्या द्राक्षबागांच्या बांधावरचं गवत दिसायला लुसलुशीत असतं पण बागेवर फवारण्या किती चालतात तुम्हाला माहिती आहेच, ते आणू नका. उसाच्या सरीतलं तणनाशक मारलेलं नको. रस्त्याकडेचं नको, कुत्री मुततात. कुंडीत हराळी लावा, दुर्वा म्हणजे तीच, आठवड्यात वाढते. घास, म्हणजे आपला लसूणघास, मोठ्या सशाला रोज घालू नका, कॅल्शियम जास्त असतं त्यात, लघवीत चुन्यासारखं साचतं. पिल्लांना ठीक. ज्वारीचा कडबा नुसता चघळायला टाकलात तर चालेल, त्यावर पोट भरणार नाही.

अनघा_कर्वेनगर (रविवार, रात्री 10.40)

लेंडीचं वाचून मी मोठ्याने ओरडले घरात! माझा ससा 9 वर्षं होता, मागच्या दिवाळीनंतर गेला, आणि त्या 9 वर्षांत रोज सकाळी चहाच्या आधी मी लेंड्या बघायचे. ससा दुखणं लपवतो, रानात जो आजारी दिसला तो आधी मारला जातो म्हणून ते त्याच्या रक्तातच आहे, तोंड बघून काही कळत नाही, लेंड्या बघून कळतं. गोल, मोठ्या, एकसारख्या, दाबल्या की गवताचा चुरा, हे चांगलं. लहान वेड्यावाकड्या म्हणजे कमी खातोय. केसांनी माळेसारख्या जोडलेल्या म्हणजे केस पोटात जातायत, रोज विंचर. आणि एक दुसऱ्या प्रकारच्या असतात, मऊ, चमकदार, तुमच्या सांगलीच्या द्राक्षाच्या लहानशा घोसासारख्या, त्या ती थेट ढुंगणाला तोंड लावून खाते. बघून किळस वाटून घेऊ नकोस आणि थांबवू नकोस, गवतातलं सत्त्व तिला दुसऱ्या फेरीत मिळतं. त्या जमिनीवर पडलेल्या दिसायला लागल्या तर खाण्यात गोड किंवा पीठ जास्त होतंय असं समज.

खाणं शंभरातलं ऐंशी टक्के गवत, ओलं किंवा सुकं, चोवीस तास समोर पाहिजे. दात आयुष्यभर वाढतात, गवत चघळूनच झिजतात, मऊ खाणाऱ्या सशाचे दात वाकडे होऊन गालात जिभेत घुसतात. ऑनलाइन टिमोथी गवत मिळतं, महाग आहे, मी अर्धं ते आणि अर्धी हराळी द्यायचे. सुकं गवत पावसाळ्यात डब्यात नको, कापडी पिशवीत उंचावर टांग, बुरशीचा वास आला की सगळं टाकून दे. भाजीत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, थोडी मेथी. पालक कधीतरी. गाजर म्हणजे आपल्या पोरांना पेढा तसं, नखाएवढं. कांदा, लसूण, बटाटा, भात, बिस्कीट कधीच नाही. ओलं गवत एकदम ढीगभर नको, आत्ता पोट नाजूक आहे, चिमूट चिमूट वाढव. आणि तुला सांगायचं राहिलं, हो, काडी अशीच आत जाते, मशीनमध्ये कागद ओढला जावा तशी, मी तासन्तास बघत बसायचे.

राहायला दुकानात मिळतो तो जाळीच्या तळाचा पिंजरा घेऊ नकोस, सशाच्या तळव्याला कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, नुसते केस, जाळीवर पाय सोलून फोड येतात. फरशीवरही घसरते. जुनी सतरंजी किंवा गोधडी अंथर. एका कोपऱ्यात पसरट ट्रे, खाली वर्तमानपत्र, वर गवत, ती जिथे लघवी करते तिथेच ट्रे सरकव, चार-पाच दिवसांत शिकते. बाल्कनी मात्र बंद कर बाई, दुपारी तर अजिबात नको. अंगात कोट घालून बसलेलं जनावर आहे ते, 30 च्या वर गेलं की धापा टाकते. एक लिटरच्या बाटलीत पाणी भरून बर्फ कर, पंच्यात गुंडाळून शेजारी आडवी ठेव, टेकून झोपते. वायरी सगळ्या वर उचल, चार्जरची वायर एका दातात तुटते.

कायद्याचं_बोलू (सोमवार, सकाळी 11.00)

एक माहिती. पाळीव प्राणी असा टाकून देणं हा गुन्हा आहे, प्राण्यांच्या छळाविरुद्धचा 1960 चा कायदा, कलम 11, त्यात उपाशी-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत प्राणी सोडणं स्पष्ट लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड नुसता दहा ते पन्नास रुपये. तरी सीसीटीव्हीत गाडीचा नंबर आला असेल तर जपून ठेवा. बाकी पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे नियम आहेत, नोंदणीशिवाय विक्री करता येत नाही. वाढदिवसाला ससा देणाऱ्या मंडळींनी दुकानदाराला नोंदणी दाखवा म्हणावं.

मीनल_सांगली (तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री 11.50)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. लाही आता 1 किलो 650 आहे. खरजेची दोन इंजेक्शनं झाली, कानाच्या खपल्या एके दिवशी सतरंजीवर पडलेल्या मिळाल्या आणि खाली गुलाबी कान, त्यावर पांढरी लव यायला लागलीये. मुलगी आता तिच्याजवळ जमिनीवर बसते, उचलत नाही, लाही स्वतः येऊन तिच्या पावलाला हनुवटी घासून जाते.

मध्ये एक भीती बसली होती. बाराव्या दिवशी ती तोंडात गवताचा भारा धरून सोफ्यामागे फेऱ्या मारायला लागली आणि छातीचे केस उपटून तिथे अंथरायला लागली, मला वाटलं व्यायली आता. डॉक्टरांनी पोट तपासलं, काही नाही. ते म्हणाले असं खोटं गर्भारपणही होतं सशांमध्ये, घरटं काढू नका, दोन-चार दिवसांत विसरेल. विसरली. पण ते घरटं मी अजून उचललेलं नाही, माझ्याच्याने होईना.

सोडायचा विषय घरात बंद झालाय. ह्यांनी प्लायवूडचं घर केलंय आणि रोज फिरायला जाताना पिशवी घेऊन जातात, ओळखीच्यांच्या परसात फवारणी न केलेली हराळी आहे ती आणतात. जतच्या दादांचे आभार मानायला सांगितलेत.

आता एकच विचारायचंय, डॉक्टर मादीचं (पिल्लं न होण्याचं) ऑपरेशन करून घ्या म्हणतात पण त्यांनी स्वतः सशाचं कधी केलेलं नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं. करावं का? इतकी लहान आहे, भूल झेपेल का?

डॉ_गोठा (बुधवार, सकाळी 7.15)

करा. मादी सशांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो, चार वर्षांच्या पुढे तर खूपच, आणि बाहेरून काही दिसत नाही, लघवीत रक्त दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. (लघवी नुसती लाल-केशरी दिसली तर घाबरू नका, खाण्यातल्या रंगानेही होते.) खोटं गर्भारपणही त्याने थांबेल. पण घाई नको, आधी खरूज पूर्ण जाऊ दे, वजन दोन किलोच्या जवळ येऊ दे, आणि ज्याने सशांची ऑपरेशनं केलीत त्याच्याकडेच करा. शिरवळच्या कॉलेजच्या दवाखान्यात फोन करून विचारा, नाहीतर पुण्यात किंवा परळच्या कॉलेजला. एक लक्षात ठेवा, कुत्र्याला ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात तसं सशाला ठेवायचं नाही, उलटी होत नाही त्यामुळे ती भीती नाही, उलट उपाशी ठेवलं की आतडं थांबतं. कोणी रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणालं तर तिथे करू नका.

अनघा_कर्वेनगर (बुधवार, सकाळी 8.20)

पुण्यात केलंस तर माझ्याकडे उतर, लाहीला घेऊन. माझ्या सशाचं ऑपरेशन ज्यांनी केलं त्या डॉक्टरांचा नंबर तुला व्यक्तिगत निरोपात पाठवते. गाडीने येणार असाल तर पहाटे चारला निघा, ऊन चढायच्या आत पोचाल. टोपलीत तिचीच सतरंजी ठेव, धुवू नकोस, तिचा वास राहू दे. माझ्याकडे अर्धं पोतं टिमोथी अजून पडलंय, कोणाला द्यायचं ते सुचत नव्हतं.

मीनल_सांगली (बुधवार, सकाळी 8.31)

येते अनघाताई. आत्ता ट्रे साफ केला, एकशे बारा. मुलीने मोजल्या.